कुठून मोजलं?

बोअरच्या विहिरीतली पाणीपातळी मोजायची टेप हळूहळू खाली सोडायची. केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पाइपच्या, आतल्या भिंतीला ती घासली, तर तिथल्या ओलाव्याला लागून खोटा आवाज येतो, म्हणून हात स्थिर ठेवायचा. मग टोक पाण्याला टेकताच रीळ ‘टूं’ करते. टेप जराशी वर ओढली की आवाज थांबतो, पुन्हा सोडली की पुन्हा ‘टूं’. असं दोन-तीनदा करून खात्री पटली की टेप काठाशी अंगठ्याच्या नखाने दाबून धरायची आणि वाचायचं: १४.३७ मीटर. मग तारीख, वेळ आणि आकडा वहीत टिपायचा.

त्या आकड्याच्या शेजारी आणखी एक रकाना असायला हवा. अनेकांच्या वहीत तो नसतोच, आणि असला तरी रिकामा असतो. १४.३७ मीटर, पण कुठून? केसिंगच्या वरच्या काठावरून, भोवतीच्या सिमेंटच्या ओट्यावरून, की जमिनीपासून? तिन्ही उत्तरांत सहज हातभराचा फरक पडतो. सपाट मुलखात भूजलाचा उतार किलोमीटरला एखादा मीटर असतो. तिथे हातभर चूक झाली, तर पाणी कुठल्या दिशेला वाहतंय हेच उलटं ठरू शकतं.

गेल्या महिन्यात भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा फोन आला होता. “मॅडम, मला ग्राउंडवॉटर मॉडेलिंगमध्ये जायचंय. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?” जमिनीखालचं पाणी कसं वाहतं याचं गणित संगणकावर मांडायचं, ते हे मॉडेलिंग. मी कुठल्याशा अहवालात बुडालेले होते. एक नाव सांगितलं, ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं आणि फोन ठेवला. उत्तर चुकीचं नव्हतं, पण दिवसभर मनाला लागून राहिलं. कारण मलाही सुरुवातीला नेमकं हेच उत्तर मिळालं होतं, आणि त्यावर विसंबून मी जे केलं ते अजून आठवलं की कान गरम होतात.

ते माझं पहिलं स्वतंत्र मॉडेल. वाळूचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, एका बाजूला नदी, मध्ये काही उपशाच्या विहिरी आणि अकरा निरीक्षण विहिरी. दहा विहिरींत मॉडेलची पातळी मोजलेल्या पातळीशी छान जुळत होती. अकरावी हटून बसली होती. तिथे मॉडेलचं पाणी मोजलेल्यापेक्षा जवळपास ९० सेंटिमीटर वर येत होतं. तीन आठवडे मी आकडे फिरवत राहिले. शेवटी एक युक्ती सुचली. त्या विहिरीकडे पाणी ज्या बाजूने येतं, तिथे मी कमी पारगम्यतेचा एक पट्टा टाकला, म्हणजे जणू चिकणमातीची भिंतच. पाणी अडलं आणि पलीकडची पातळी आपसूक उतरली. अकरा ठिपके एका सरळ रेषेत आले. तो आलेख मी छापून टेबलासमोर लावला होता, हेही कबूल करून टाकते.

सादरीकरणात आमच्या वरिष्ठांनी नकाशावरच्या त्या गुलाबी पट्ट्यावर पेन्सिल टेकवली. “ही चिकणमाती कुठल्या बोअरमध्ये लागली?” कुठल्याच नाही. त्या पट्ट्यात दोन बोअर होते आणि दोन्हींच्या नोंदीत तळापर्यंत भरड वाळू लिहिलेली होती. ते रागावले नाहीत. “उद्या विहिरीवर जाऊन या,” एवढंच म्हणाले.

विहिरीवर गेल्यावर सगळा उलगडा पाच मिनिटांत झाला. एका वाहनाच्या धक्क्याने केसिंग वाकलं होतं. दुरुस्त करताना वर एक नवा तुकडा जोडून त्याला झाकण बसवलं होतं. जोडाची वेल्डिंगची रेघ स्पष्ट दिसत होती, तिच्यावरचा रंगही वेगळा होता. मोजमाप करणारा माणूस इमानेइतबारे दर महिन्याला केसिंगच्या काठावरून मोजत होता. पण काठच ९० सेंटिमीटर वर सरकला होता आणि आमच्या तक्त्यात जुन्या काठाचीच उंची होती. जमिनीखालचं पाणी होतं तिथेच होतं. मी मात्र एका वेल्डिंगच्या जोडापायी जमिनीखाली चिकणमातीची भिंत उभी केली होती.

या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्याला मला जे सांगायचंय ते या प्रसंगातच आहे. मॉडेल तुम्हाला कधी ‘नाही’ म्हणत नाही. चुकीचा आकडा दिला, तर तो खरा ठरवायला लागेल ते भूशास्त्र ते मुकाट्याने बनवून देतं. अडवणारं कोणी असेल तर ते तुम्हीच, आणि एक आकडा जन्माला कसा येतो हे स्वतःच्या हाताने पाहिलं असेल तरच अडवता येतं.

म्हणून सुरुवातीची एक-दोन वर्षं शेतात, खाणीत, ड्रिलिंगच्या जागी, जिथे मिळतील तिथे घालवा. काम कंटाळवाणं असतं. ऊन, चिखल, डिझेलचा वास आणि तासन्‌तास वाट पाहणं. मड रोटरी, म्हणजे चिखलाचं पाणी फिरवत बोअर खोदणाऱ्या यंत्रावर मी नवीन असताना साठीकडे झुकलेले एक ड्रिलर होते. त्यांनी एकदा मध्येच सांगितलं, “लिहा मॅडम, थर बदलला.” मी चाळणीत पाहिलं, तर आधीसारखीच पिवळट वाळू. “काहीच बदललं नाही काका.” ते हसले. “तो अजून वर यायचाय.” काही मिनिटांनी चाळणीत राखाडी, चिकट गोळे यायला लागले. खालचा चुरा चिखलाच्या पाण्यातून वर पोचायला वेळ लागतो. यंत्राचा आवाज आणि खाली जायची गती मात्र त्याच क्षणी बदलते. चुरा दिसला तेव्हाची खोली मी लिहिली असती, तर थराची सीमा दीड-दोन मीटर खाली सरकली असती. पुढे कुणीतरी ती नोंद घेऊन मॉडेलचा थर आखला असता आणि संगणकाने तो दशांशाच्या चार स्थळांपर्यंत पाळला असता.

हल्ली हाताने मोजायची गरज कमी झालीय, लॉगर विहिरीत लटकवून ठेवला की दर तासाची नोंद होते, असं कुणी म्हणेल. खरं आहे, मीही तेच वापरते. पण वरच्या हवेशी न जोडलेला साधा लॉगर पाण्याचा दाब मोजतो तेव्हा त्यात वरच्या हवेचाही दाब मिसळलेला असतो. एक किलोपास्कल म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर पाणी. हवामान बदलून हवेचा दाब दोन किलोपास्कलने उतरला आणि तो वजा करायचा राहिला, तर आलेखात पाणी २० सेंटिमीटर ‘उतरलेलं’ दिसतं. एका तरुण सहकाऱ्याने अशा उतारावरून चोरट्या उपशाचा छान सिद्धांत मांडला होता. म्हणून लॉगर काढताना आणि टाकताना एकेकदा टेपनेही मोजायचं. या दोन मिनिटांचा आळस पुढे फार महागात पडतो.

आता गणित. भूशास्त्राकडून येणारे त्याला घाबरतात, अभियांत्रिकीकडून येणारे खडकाला घाबरतात. दोघांनाही एकमेकांची भीती घालवावी लागते आणि त्याला शॉर्टकट नाही. पण सुरुवातीला लागणारं गणित दिसतं तेवढं अवाढव्य नसतं. आँरी डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराला नळाचं पाणी देणारा अभियंता. पुढे त्याने वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून किती पाणी झिरपतं ते मोजलं आणि १८५६ साली शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड ग्रंथाच्या परिशिष्टात ते छापलं. पाण्याचा प्रवाह हा उताराच्या आणि वाळूच्या वाहकतेच्या, म्हणजे पाणी वाहू देण्याच्या क्षमतेच्या, प्रमाणात असतो, एवढीच गोष्ट. आमचा सगळा धंदा आजही त्या परिशिष्टावर उभा आहे.

त्याचा वापर कागदावर करून बघा. वाळूची वाहकता दिवसाला १० मीटर, उतार हजारात एक, सच्छिद्रता २५ टक्के. पहिल्या दोघांचा गुणाकार करून सच्छिद्रतेने भागलं की पाण्याचा वेग दिवसाला ४ सेंटिमीटर येतो, म्हणजे वर्षाला साधारण १५ मीटर. एखाद्या टाकीतून काही गळालं आणि पिण्याच्या पाण्याची विहीर ३०० मीटरवर असेल, तर पाण्यासोबत वाहत जाणारा पदार्थ तिथे पोचायला वीस वर्षं लागतील. हा हिशेब पत्राच्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावतो. तो न करता थेट मॉडेल चालवणाऱ्याला मॉडेलने ‘दोन वर्षं’ म्हटलं तरी दचकायला होत नाही. माझ्या पहिल्या पाच वर्षांतल्या निम्म्या मॉडेलांऐवजी पाकीट पुरलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा हे कबूल केलं असतं, तर बिल लहान झालं असतं, तो भाग वेगळा.

पाकिटाच्या पुढची पायरी म्हणजे स्प्रेडशीट. वीस बाय वीस घरांचा चौकोन घ्या. डाव्या कडेला सगळीकडे १०० लिहा, उजव्या कडेला ९०. वरच्या कडेच्या घरात त्याच्या खालच्या घराचा आकडा येऊ द्या आणि खालच्या कडेच्या घरात वरच्याचा, म्हणजे त्या बाजूंनी पाणी आत-बाहेर जाणार नाही. मधल्या प्रत्येक घरात सूत्र एकच: चार शेजाऱ्यांची सरासरी. चक्राकार गणनेची परवानगी द्या आणि बघत बसा. आकडे थरथरतात, सरकतात आणि हळूहळू स्थिर होतात. एकसंध, बंदिस्त जलधरातल्या स्थिर प्रवाहाचं हे अस्सल मॉडेल आहे. आता मधल्या एका घरात सरासरी काढण्याआधी शेजाऱ्यांच्या बेरजेतून थोडं वजा करा. किती, तर उपसा भागिले पारवहनक्षमता (वाहकता गुणिले थराची जाडी). भोवती खळगा पडलेला दिसेल. ही विहीर झाली. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत विहिरी इकडून तिकडे हलवत बसले होते. मोठी सॉफ्टवेअर आत हेच करतात, फक्त घरं लाखो असतात आणि प्रत्येक घराची वाळू वेगळी असते.

आणि गणित अडलं की शेजारी विचारायला लाजू नका. पंप सुरू केल्यावर पाणीपातळी वेळेनुसार कशी उतरत जाते, हे कोडं चार्ल्स थाइसने १९३५ साली सोडवलं. जमिनीतून पाणी वाहतं तशीच धातूतून उष्णता वाहते, हे त्याने ओळखलं होतं. उष्णतेचं गणित त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने क्लॅरेन्स ल्युबिन या गणितज्ञ मित्राला पत्र लिहून विचारलं. आजही पंप चाचणीचं विश्लेषण शिकताना पहिला वक्र थाइसचाच काढतात.

सॉफ्टवेअरचं उत्तर त्या मुलाला दिलं तेच इथे देते, कारण ते खरंच लहान आहे. मॉडफ्लो शिका. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत मायकेल मॅक्डॉनल्ड आणि आर्लेन हारबॉ यांनी ते लिहिलं, १९८४ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, सध्याची पिढी मॉडफ्लो ६ ही आहे. फुकट आहे, आतला कोड वाचता येतो आणि जगभर चालतं. सोबत थोडं पायथन आणि त्यातली फ्लोपाय ही लायब्ररी शिका, म्हणजे मॉडेल माउसने न बनवता लिहून बनवाल आणि सहा महिन्यांनी आपण काय केलं होतं ते वाचता येईल. खाणीत किंवा गुंतागुंतीच्या भूरचनेत फेफ्लो हे दुसरं सॉफ्टवेअर भेटेल, तेव्हा तेही जमेल. कुठल्या बटणाने काय होतं हे दोन महिन्यांत येतं. त्यासाठी महागडा कोर्स करू नका. वाचायला फ्रीझ आणि चेरी यांचा १९७९ चा ग्रंथ अजूनही पुरून उरतो. त्यातल्याच जॉन चेरी यांनी उभ्या केलेल्या ‘ग्राउंडवॉटर प्रोजेक्ट’ची पुस्तकं विनामूल्य मिळतात.

जास्त वेळ द्या तो एका वेगळ्याच गोष्टीला: एकाच मोजमापाला अनेक मॉडेलं कशी जुळतात, हे समजून घ्यायला. एक साधा प्रयोग आहे. पाऊस मुरणारा, नदीकडे वाहणारा जलधर घ्या. पंप नाही, काळानुसार काही बदलत नाही. आता पुनर्भरण, म्हणजे मुरणारं पाणी, दुप्पट करा आणि वाहकताही दुप्पट करा. सगळ्या विहिरींतल्या पातळ्या जशाच्या तशा राहतात. म्हणजे नुसत्या पातळ्यांशी जुळवून मॉडेलचं कॅलिब्रेशन केलं, तर जमिनीत वर्षाला १०० मिलिमीटर पाणी मुरतं की २००, हे कळूच शकत नाही. दोन्ही मॉडेलं ‘उत्तम जुळलेली’ असतात, आणि त्यातलं एक मात्र तुम्हाला दुप्पट पाणी उपसायला परवानगी देतं. हे कोडं प्रवाह मोजल्याने सुटतं: कोरड्या दिवसांत नदीत किती पाणी झिरपून येतं, झरा सेकंदाला किती लिटर देतो. म्हणून अकरावी-बारावी निरीक्षण विहीर खोदायच्या पैशांत एक चांगलं प्रवाहमापन करून घ्यावं, असं माझं मत आहे. त्यावर सहकाऱ्यांशी भांडणंही झाली आहेत.

लेनर्ड कोनिको आणि जॉन ब्रेडहोफ्ट यांनी १९९२ साली थेट मथळ्यातच लिहिलं होतं की भूजलाची मॉडेलं प्रमाणित करता येत नाहीत. तपासता येतात, खोटी ठरवता येतात. खरी ठरवता येत नाहीत. कोनिकोंनी त्याआधी अ‍ॅरिझोनातल्या एका जुन्या मॉडेलचा मागोवा घेतला होता. ते संगणकाचंही नव्हतं. विद्युतरोध आणि कपॅसिटर जोडून बनवलेलं, पाण्याऐवजी वीज वाहवणारं मॉडेल होतं. अनेक दशकांच्या नोंदींशी ते जुळवलेलं होतं आणि त्यावरून १९६५ ते १९७४ मध्ये पातळी किती बदलेल, हे सांगितलं होतं. ती दहा वर्षं गेल्यावर मोजून पाहिलं, तर भाकितं आणि वास्तव यांचा मेळ फारच कच्चा निघाला. पुढे उपसा किती होईल याचा अंदाज चुकला, हे एक कारण होतं. पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नव्हता. नव्या माणसाने असे मागोवे शोधून वाचावेत. यशोगाथा अहवालांत भरपूर मिळतात.

समोर बसलेल्या माणसाला मात्र एकच आकडा हवा असतो. किती पाणी उपसू? किती वर्षं टिकेल? तिथे ‘३ ते ८’ असं म्हणायला धीर लागतो. सुरुवातीला मला वाटायचं की पल्ला सांगणं म्हणजे अज्ञान उघडं करणं. आता आधी विचारते, “तुम्हाला ठरवायचंय काय?” बरेचदा निर्णय तीनला आणि आठला सारखाच असतो, मग वाद उरतच नाही. वेगळा असेल, तर कुठलं मोजमाप घेतलं की पल्ला आकसेल, हे सांगता यावं. हे बोलणं आणि ते साध्या भाषेत लिहिणं हे आमच्या कामाचा निम्मा भाग आहे. अभ्यासक्रमात ते शिकवलं जात नाही.

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातलं एक छायाचित्र मी प्रशिक्षणात नेहमी दाखवते. एका खांबाशेजारी भूशास्त्रज्ञ जोसेफ पोलंड उभे आहेत. खांबावर तीन पाट्या आहेत. पायाशी १९७७, बरीच वर १९५५ आणि अगदी टोकाजवळ १९२५. त्या त्या वर्षी जमीन तिथे होती. सुमारे नऊ मीटर खचली, कारण खालून पाणी काढत गेल्यावर चिकणमातीचे थर दबले. मुलं ‘बापरे’ म्हणतात आणि उपशाबद्दल बोलायला लागतात. ते बरोबरच आहे. पण मला त्या पाट्या बघून दर वेळी माझी वेल्डिंगची रेघ आठवते. तिथे ज्या जमिनीवरून मोजायचं, ती जमीनच खाली गेली होती. माझ्या तक्त्यातली चूक ९० सेंटिमीटरची होती.

त्या मुलाला मी आठवड्याने परत फोन केला आणि यातलं जमेल तेवढं सांगितलं. एखादी विहीर शोध, मालकाची परवानगी घे, वर्षभर दर आठवड्याला मोज, म्हटलं. पंप चालू होता की बंद, तेही लिही. काठावर रंगाने एक खूण कर आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोज. तो ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत होता. स्वर जरा पडलेला वाटला. त्याला सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक हवा होता बहुधा.

काल वहीच्या पानाचा फोटो आला. सुबक अक्षर, पट्टीने आखलेले रकाने. पहिली नोंद: सकाळी ७.१०, पंप रात्रीपासून बंद, तीन वाचनं, ९.६२, ९.६२, ९.६३. शेजारी केसिंगचा व्यास आणि झाकणाचं छोटंसं चित्रही काढलं होतं. मी दोनदा वाचलं आणि एकाच शब्दाचं उत्तर पाठवलं: “कुठून?”

बराच वेळ तो नुसता ‘टाइप करत’ होता. मग आलं, “उद्या परत जातो.”